एप्रिलात भरलेलं तळं : खटाव तालुक्यातल्या एका पाझर तलावाचं प्रकरण

तळ्यावर पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. शेकाट्यांचा कलकलाट एरवी आम्ही काठाजवळ गेल्यावर सुरू होतो. त्या दिवशी तो गाडी बंद करायच्या आधीच ऐकू येत होता. तीन दिवसांपूर्वी जिथं पापुद्रे सुटलेला, भेगाळलेला चिखल होता तिथं पाणी चमकत होतं. आमच्या पक्षीमोजणीच्या नोंदवहीत त्या पट्ट्यात सतरा घरटी होती : नऊ शेकाट्यांची, पाच पाणभिंगऱ्यांची, तीन कंठेरी चिखल्यांची. त्यातलं एकच शिल्लक होतं. त्या जोडीनं रातोरात काड्या आणि चिखलाचे गोळे रचून घरटं वीतभर उंच केलं होतं. पाणी चढलं की शेकाट्या असं करतात, पण पाण्याचा वेग त्यांच्या चोचीच्या वेगापेक्षा कमी असेल तरच ते जमतं. बाकी सगळं पाण्याखाली गेलं होतं. काठावरच्या फेसात दोन अंडी तरंगत होती. ताजं अंडं पाण्यात तळाशी आडवं पडतं, आतला जीव वाढत जातो तसं ते उभं राहतं आणि शेवटी तरंगतं. म्हणजे ही दोन फुटायला आलेली होती.

भिंतीच्या बाजूला गावातली पंधरा-वीस माणसं जमलेली होती. नारळ फुटला होता, पाण्यावर हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या. तळ्याशेजारी ज्यांचं रान आहे ते आबा मला बघून लगबगीनं पुढं आले आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत म्हणाले, "ताई, तुमच्या पाखरांनाबी पाणी आलं बगा."

ते मनापासून म्हणत होते. आणि ते पाणी आणायला आमचाच कागद कारणी लागला होता. म्हणून हे प्रकरण सगळं लिहून काढते आहे.

तळ्याचं नाव इथं देत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा जाहीर झाली की रविवारी गाड्या येतात, कॅमेरे येतात आणि माणसाच्या पायवाटेवरून मागोमाग कुत्री येतात. खटाव तालुक्याच्या पूर्वेला, माणच्या हद्दीकडे, एवढं पुरे.

कोरड्या मुलखातलं पाणी

सातारा जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला कास आणि महाबळेश्वर आठवतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही चार-दोन दणक्यांत. सह्याद्रीनं ढग अडवले की मागं जी पडछाया उरते त्यात माण, खटाव, पलीकडं सांगलीचे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके येतात. इथं नैसर्गिक सरोवर जवळपास नाहीच. जे पाणी दिसतं ते माणसानं दुष्काळाच्या भीतीनं अडवलेलं. माणगंगेवरचा राजेवाडी तलाव आणि मायणीचा तलाव ही ब्रिटिश काळातली कामं. त्यानंतरचे शेकडो पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीवर झाले. आमचं तळंही त्यातलंच. आबा सांगतात, "माजी आई या भितीवर माती वाहत हुती. पोटाला सुकडी मिळायची, ती आमच्यासाठी पदरात बांधून आणायची."

पक्ष्यांच्या लेखी मात्र हे तळं वाळवंटातल्या पाणथळींच्या कुळातलं आहे. कच्छचं रण किंवा राजस्थानचं सांभर सरोवर पावसाळ्यात भरतं, हिवाळाभर उतरत जातं आणि उन्हाळ्यात त्याचं मीठ आणि माती होते. रोहित पक्षी त्याच कच्छच्या रणात वीण करतात, आणि हिवाळ्यात येरळवाडी-मायणीच्या उथळ पाण्यात उतरतात ते काही वाट चुकून नाही. पाणी येतं, पसरतं, उतरतं हीच लय त्यांना इथंही मिळते. मायणी परिसराला २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्याचं मोठं श्रेय या गुलाबी पाहुण्यांना आहे. मला रोहितांबद्दल प्रेम आहेच, पण एक गोष्ट मनात सलते. आम्ही कोणत्याही तळ्यावरून परतलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "रोहित किती होते?" उन्हाळ्यात, भर उन्हात, मुठीएवढ्या शरीरानं तीन-चार अंड्यांवर सावली धरून बसणाऱ्या चिखल्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

आमच्या वर्षाला तीन फेऱ्या असतात. पहिली ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी सांडव्याला लागलेलं असतं तेव्हा. दुसरी जानेवारीत, १९८७ पासून आशियाभर याच महिन्यात पाणपक्ष्यांची मोजणी होते, त्यामुळे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. तिसरी मार्च अखेरीपासून मेपर्यंत, घरट्यांची. ही तिसरी फेरी सगळ्यांत अवघड. चाळीस अंशांच्या उन्हात पालक पक्षी थोडा वेळ उठून राहिला तरी अंडं आतून शिजू शकतं. म्हणून उजाडताना जायचं, नऊच्या आत बाहेर पडायचं, एका घरट्यापाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. खुणेची काठी रोवायची नाही, कारण कावळे काठी वाचायला दोन दिवसांत शिकतात. अंड्याला हात लावायचा तो वनविभागाची लेखी परवानगी खिशात असेल तरच. दुपारी टेकडीवरच्या लिंबाखालून दुर्बिणीनं बघायचं. मग दिसतं की शेकाट्याची मादी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. दिवसातून किती वेळा ते मोजायचा प्रयत्न आम्ही एकदा केला. डोळे दुखायला लागले तेव्हा सोडून दिला.

आमचा अहवाल

पहिल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळं पूर्ण आटलं. शेवटच्या डबक्यात तिलापिया मासे तोंडं वर काढून तडफडत होते, बगळे आणि घारी तुटून पडल्या होत्या, वास सुटला होता. मी त्या वर्षी नवीन होते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकले तेव्हा पाणथळ म्हणजे रंकाळा आणि कळंबा, असं पाणी डोळ्यांत बसलं होतं. आटलेलं तळं मला मेलेलं वाटलं. आणि अहवालात मी लिहिलं : 'उन्हाळ्यात तळ्यात किमान पाणीसाठा राखणं आवश्यक आहे.' खाली वेड्या बाभळी काढणं, गाळ काढणं वगैरे इतर शिफारशी होत्या. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला दिली, कारण ते करणं बरोबर होतं.

गावानं तो कागद नीट वाचला. या भागात लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाण्याची वाट बघितली आहे. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या पाणी योजनांची नावं इथं लहान पोरांनाही पाठ असतात. उपसा सिंचनाचं पाणी वरच्या ओढ्यात पडायला लागल्यावर एप्रिलच्या आवर्तनातून, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीतून, तळं भरून द्या, असा ठराव ग्रामसभेनं केला आणि कारणांमध्ये आमच्या अहवालातलं ते वाक्य जोडलं. मागणी मंजूर झाली. पाटकऱ्यानं, म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यानं, दार उघडलं, आणि पाचव्या दिवशी आम्ही फेसातली ती दोन अंडी बघत उभे होतो.

मला कुणाला दोष देता येत नव्हता. पाणी मागणाऱ्यांची गरज खरी होती, सोडणाऱ्यांनी ठरावाप्रमाणे सोडलं होतं. आवर्तन कधी सुटतं हा एक प्रश्न मी मार्चमध्ये पाटकऱ्याला विचारला असता तर निदान आधी कळलं असतं. पण मोजपट्टी, दुर्बीण, जीपीएस या सगळ्यांत तो प्रश्न राहून गेला.

घरटी गेली हे एका हंगामाचं नुकसान होतं. पुढच्या जानेवारीत जे दिसलं त्यानं जास्त हादरलो.

तळं त्या वर्षी आटलंच नाही. पावसाळ्यात आणखी भरलं. जानेवारीत निळंशार, काठोकाठ, फोटोला सुंदर. पाणकावळे भरपूर, वारकरी पक्ष्यांचे थवे, खोल पाण्यात डुबक्या मारणाऱ्या टिबुकल्या. पण भुवई बदक, थापट्या, तलवार बदक अगदी थोडे, आणि चिखलात चोच खुपसणारे तुतवार, पाणटिवळे जवळपास नाहीतच. आदल्या वर्षी याच दिवसांत पूर्वेच्या फुगवट्यात त्यांची नुसती लगबग होती. थापट्यासारखी वरवर चरणारी बदकं वीतभर पाण्यात खातात. तुतवाराला त्याहून कमी, चार बोटं पाणी लागतं. काठोकाठ भरलेल्या तळ्यात ते पाणी उरतंच कुठं? कडेची एक चिंचोळी रेघ.

खोली हे अर्धंच कारण होतं. उरलेलं कारण मेच्या त्या वासात होतं, ज्याला मी मरण समजले होते. तळ आटून उघडा पडतो तेव्हा गाळात हवा शिरते, साठलेला पालापाचोळा कुजून सुटा होतो आणि पावसाचं पाणी आलं की ते सगळं खत एकदम पाण्यात उतरतं. उघड्या चिखलावर मोथा आणि लव्हाळा उगवतो, त्याचं बी पडतं. तेच बी हिवाळ्यात बदकांचं धान्य. चिखलात काही सूक्ष्म कवचधारी जीवांची अंडी वर्षानुवर्षं सुकी पडून राहतात, पाणी लागल्यावरच फुटतात. आणि आटण्यामुळे तिलापियासारखे मासे मरतात. हे मासे बारमाही पाण्यात मोकाट वाढले की तळातल्या लाल अळ्या, गोगलगायी सगळं साफ करतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या तुतवारासाठी ताटात काही उरत नाही. आम्ही जाळीच्या चाळणीनं तळाचा गाळ चाळून बघितला. आदल्या वर्षी एका चाळणीत लाल अळ्या मोजता मोजता पुरेवाट झाली होती, आता पाच-सहा.

म्हणजे माझ्या त्या वाक्यात चूक एका शब्दाची नव्हती, समजुतीचीच होती. या मुलखातल्या तळ्याचं आटणं हा त्याचा आजार नाही, तो त्याचा ऋतू आहे. आणि तो ऋतू मी माझ्या सहीनं बंद करायला सांगितला होता.

ग्रामसभा

फेब्रुवारीतल्या ग्रामसभेत हे सांगायचं ठरवलं. जाण्याआधी रात्रभर झोप नव्हती. पाणी कमी करा हे खटावमध्ये उभं राहून सांगायचं!

सरपंचांनी बोलायला दिलं. मी अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं आणि ते चुकीचं होतं असं सांगितलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागच्या बाजूनं एक मावशी उठल्या. त्यांची विहीर तळ्याखालच्या ओढ्याला आहे. "आमच्या हिरीला एप्रिलात पाणी राहिलं, पंधरा वर्सांत पयल्यांदा. सुना डोईवर हंडं घिऊन फिरायच्या बंद झाल्या. आन तुमी म्हंताय ते नको?"

याला उत्तर म्हणून काही मोठं बोलण्याची माझी हिंमत नव्हती, आणि तसं उत्तर नाहीच. मी एवढंच म्हणाले की पाणी नको असं नाही, फक्त कधी आणि किती वेगानं यायचं एवढ्याबद्दल बोलायचं आहे. मग फळ्यावर आकडे मांडले.

आम्ही आणि गावातल्या दोन पोरांनी गवंड्यांची पाण्याची नळी घेऊन पूर्वेच्या काठाचा उतार मोजला होता. तो निघाला दोनशेला एक. दोनशे मीटर चाललं की एक मीटर चढ, इतका सपाट. अशा काठावर पाणी एक सेंटिमीटर उतरलं की दोन मीटर चिखल उघडा पडतो. मोजपट्टीवर एप्रिलात पाण्याची पातळी दिवसाला साधारण १.२ सेंटिमीटर उतरत होती : बाष्पीभवन आणि पाझर मिळून. म्हणजे रोज अडीच मीटरची नवी ओली पट्टी, रोज ताजं ताट. आणि त्या मागं सुकत गेलेल्या पट्टीत घरटी. उलट बाजूनं, आवर्तनात पाणी ४५ सेंटिमीटर चढलं तेव्हा ९० मीटर काठ बुडाला. घरटी होती काठापासून वीस ते सत्तर मीटरांत.

आता दिवस. मादी रोज एखादं अशी चार अंडी घालते, मग साधारण पंचवीस दिवस उबवण. पिल्लं फुटल्यावर पिसं वाळली की चालायला लागतात, घरट्यात बसून राहत नाहीत. पाणी हळू चढलं तर ती पुढं पळतात. म्हणजे पक्ष्यांना सगळा उन्हाळा नको होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाणी चढू नये, एवढंच. उतरलं तर उत्तम, जागच्या जागी राहिलं तरी चालेल.

'जागच्या जागी' या शब्दावर पाटकरी तात्या पुढं सरकून बसले. तोवर ते दाराशी तंबाखू मळत होते. "म्हंजे जेवडं जातंय तेवडंच आत सोडायचं. धारंवर ठिवायचं. किती लागंल?"

एप्रिलमध्ये पाण्याचा पसारा दहा हेक्टरच्या आसपास असतो. १.२ सेंटिमीटर गुणिले दहा हेक्टर म्हणजे रोज १,२०० घनमीटर, १२ लाख लिटर. १२ हजार लिटरचे शंभर टँकर, असं सांगितल्यावर सभेत हालचाल झाली. टँकर हे माप इथं प्रत्येकाला अंगानं माहीत आहे. आणि पाणी जागच्या जागी राहिलं तर पाझर चालूच राहणार होता. मावशींच्या विहिरीला तळं भरलेलं दिसण्याची गरज नव्हती, तळाखालून ओल येत राहण्याची होती.

अडचण अशी की आवर्तन धारेवर सोडता येत नाही. पंप चालू झाले की पूर्ण क्षमतेनं चालतात, ठराविक दिवस चालतात, मग बंद. यावरचा तोडगा माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो तात्यांनी काढला. तळ्याच्या वर ओढ्यावर दोन कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, उन्हाळ्यात कोरडे. आवर्तन आलं की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी आधी तिथं अडवायचं, जास्तीचं पाणी शेततळ्यांकडं वळवायचं आणि मग वरचे बरगे एकेक काढत ओढ्यातून बारीक धार तळ्यात सोडायची. हिशेब मांडला तर दोन्ही बंधाऱ्यांत पस्तीसेक दिवसांचं पाणी बसत होतं. उबवणीच्या काळाला ते पुरतं.

ठराव एकमतानं झाला असं म्हणवत नाही. हात वर झाले तेव्हा दोघं-तिघं उठून गेले. पण झाला. सोबत आणखी एक गोष्ट ठरली : घरट्यांचा हंगाम संपला की ज्या वर्षी गरज नसेल त्या वर्षी तळं आटू द्यायचं, त्यासाठी वेगळं आवर्तन मागायचं नाही.

बाकीची कामं त्यामानानं सोपी गेली. पूर्वेच्या काठावरच्या वेड्या बाभळी काढल्या. नुसत्या तोडल्या तर त्या दुप्पट फुटतात. जमिनीखाली वीतभर, मुळाच्या मानेपर्यंत खणून काढाव्या लागतात. लाकूड गावानं सरपणाला नेलं. काठ मोकळा झाला, आडोशाला बसून झडप घालणाऱ्या ससाण्यांची आणि मुंगसांची जागा गेली. गाळ काढायला जेसीबी येणार होताच. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तळ्यातला गाळ शेतात नेता येतो आणि या माळरानाला तो सोन्यासारखा आहे. तिथं आम्ही एवढीच विनंती केली की खोदाई भिंतीच्या बाजूनंच करा, ओढा जिथं आत येतो तो उथळ फुगवटा सोडा. भिंतीकडं खोल डोह झाल्यानं जनावरांच्या पाण्याची सोय झाली आणि फुगवट्याचा उतार शाबूत राहिला. तळं सगळीकडून सारखं, ताटलीसारखं खणलं की पाणी जास्त मावतं, पण मग एक दिवस ते सगळीकडून एकदमच आटतं आणि कुणालाच काठ उरत नाही.

तिसरा एप्रिल

पहिले दहा दिवस मी रोज पहाटे मोजपट्टी बघायला जात होते. एक दिवस अर्धा सेंटिमीटर वर, दुसऱ्या दिवशी एक खाली. तात्या मोटरसायकलवरून बंधाऱ्यावर जायचे, बरग्यांच्या फटीत पाचट आणि प्लास्टिकचा कागद कोंबून गळती बंद करायचे. ही नोकरीतली ड्यूटी नव्हती. कशासाठी करता विचारलं तर म्हणाले, "तुमचं पाखरू बसलं हाय न्हवं त्याच्यावर."

एका रात्री कुणीतरी वरचे दोन बरगे उपटले. खालच्या अंगाला कुणाला तरी मोटर चालवायची असावी. सकाळी मोजपट्टीवर नऊ सेंटिमीटर चढ होता, म्हणजे अठरा मीटर काठ गेला होता. चार घरटी बुडाली. तात्या सकाळपासून ओढ्यात उतरून ते बरगे शोधत होते. एक सापडला, दुसऱ्याच्या जागी त्यांनी घरचं दार आडवं लावलं.

मेमध्ये वळवाचा पाऊस आला तोवर आमच्या नोंदवहीत एकूण बावीस घरटी झाली होती. त्यातली अकरा नक्की फुटली. पिल्लू बाहेर आलं की घरट्याच्या तळाशी कवचाचे बारीक कण राहतात. कावळ्यानं किंवा कुत्र्यानं नेलं तर ते राहत नाहीत. अकरा घरट्यांत ते कण मिळाले. चार त्या रात्री गेली. तीन कुत्र्यांनी नेली, पावलं स्पष्ट होती. उरलेल्या चारांचा पत्ता लागला नाही. एका हंगामाच्या आकड्यांवर उड्या मारू नयेत हे मला कळतं. तरी ओढ्याच्या तोंडाशी लांबड्या, अजून गुलाबी न झालेल्या पायांवर तोल सावरत चालणारी शेकाट्याची तीन पिल्लं दिसली तेव्हा आबांना हाक मारून दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ ती डोळ्यांवरून काढली नाही.

तात्यांना एक भीती होती ती मला पटली होती, म्हणून लिहून ठेवते. तळं अर्धं आटलेलं असताना गरम, साचलेल्या पाण्यात गवत बुडून कुजलं तर रोगराई होईल का? होऊ शकते. २०१९ च्या नोव्हेंबरात सांभरला बोट्युलिझमनं अठरा हजारांवर पक्षी मेले. पाण्याची पातळी भसकन् वरखाली होणं आणि त्यात मेलेले किडे, मासे कुजणं हे या विषाच्या फैलावाला पोषक असतं. म्हणून मेमध्ये आम्ही आणि गावातली पोरं मिळून मेलेले मासे, मेलेले पक्षी रोज उचलून लांब पुरत होतो. मान लुळी पडलेला पक्षी दिसला तर लगेच कळवायचं, असा निरोप मेंढरं चारणाऱ्यांपर्यंत पोहोचवला आहे.

जे सुटलेलं नाही

पश्चिमेच्या काठावर एक कुटुंब गाळपेर करतं. पाणी उतरलं की उघडी पडलेली बुडीत जमीन अकरा महिन्यांच्या करारानं कसायला मिळते. ते तिथं कलिंगड आणि काकडी लावतात. स्वतःची जमीन माळावर, एकरभर, खडकाळ. त्या एप्रिलात पाणी जागच्या जागी राहिलं आणि त्यांच्या वाट्याची पट्टी वेळेवर उघडीच पडली नाही. फळ्यावर मी जेव्हा 'उतरलं तर उत्तम, राहिलं तरी चालेल' असं लिहिलं तेव्हा ते कुणासाठी चालणार नाही याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. सभेतून उठून गेलेल्यांत ते होते, आणि का उठले हे विचारायला मी गेले नाही.

मेच्या शेवटी त्यांनीच मला बांधावर गाठलं. आवाज चढवला नाही. "ताई, पाखरांची घरटी मोजताय. माजं वाफं मोजलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गेलो. आदल्या वर्षीच्या वाफ्यांच्या कडा पाण्याखाली दोन-तीन बोटांवर अजून दिसत होत्या. त्यांची बायको पुढं चालत एकेक वाफा पायानं चाचपून दाखवत होती, मी टेप धरून, त्यांचा मुलगा दुसरं टोक धरून. चौदा वाफे भरले. घरट्यांच्या त्याच नोंदवहीत, पुढच्या पानावर, लांबी-रुंदी आणि पाण्याची खोली घालून ते लिहिले आणि खाली त्यांची सही घेतली. पुढच्या आवर्तनाआधीच्या ग्रामसभेत हे पान पहिल्यांदा वाचायचं असं सरपंचांशी बोलून ठेवलं आहे. पाणी पश्चिमेकडून पंधरा दिवस आधी उतरवायचं की भरपाई द्यायची, हे तिथं ठरेल. तात्या म्हणाले, पश्चिमेला एक चर काढला तर दोन्ही जमतंय का बघू. ते जूनमध्ये पाऊस लागायच्या आत नळी घेऊन माझ्याबरोबर उतार मोजायला येणार आहेत.